अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली खाती आणि अधिकार : कोकणातल्या ऑफिसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत अशी बरीच ऑफिसं आहेत जिथे पंचवीस-तीस ते दोन-तीनशे संगणक आहेत, एक-दोन विंडोज सर्व्हर आहेत आणि आयटी सांभाळणारा माणूस एकच आहे. प्रिंटर अडकला तरी त्यालाच हाक मारतात. हे पान त्याच्यासाठी आणि त्याच्या मालकांसाठी आहे. कोळंबीवर प्रक्रिया करणारे कारखाने, आंब्याची पॅकहाउसं, पतसंस्था, हॉस्पिटलं, लोटे-परशुराममधले रसायनवाले, किनाऱ्यावरची हॉटेलं, सगळीकडून प्रश्न साधारण तेच येतात.

डिरेक्टरी म्हणतात ती आमच्याकडे आहे का?

एकाच नावाने आणि पासवर्डाने तुम्ही ऑफिसातल्या कुठल्याही पीसीवर बसू शकत असाल, शेअर फोल्डर आणि प्रिंटर वेगळा पासवर्ड न मागता उघडत असतील, तर बहुतेक आहे. विंडोज २००० सर्व्हरबरोबर आलेली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आजही हेच काम करते. ती ज्या सर्व्हरवर चालते तो डोमेन कंट्रोलर, आणि तिच्या ताब्यातली खाती आणि संगणक मिळून झालं डोमेन. सगळ्यांची नावं, गट आणि पासवर्डांचे हॅश, म्हणजे पासवर्डापासून गणिताने बनवलेले ठसे, तिथे एनटीडीएस डॉट डीआयटी नावाच्या एकाच फाइलमध्ये असतात. ही फाइल किंवा तिचा बॅकअप ज्याच्या हाती पडला त्याच्या हाती अख्खं ऑफिस पडलं. तेव्हा बॅकअपची हार्ड डिस्क सध्या कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे ते आधी बघून या, बाकीचं नंतर वाचा.

आम्ही एवढेसे. आमच्या मागे कोण कशाला लागेल?

मागे लागावंच लागत नाही. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. त्याला कोकणाशी काही घेणंदेणं नव्हतं. तरीही उरण तालुक्यात, न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम त्याने विस्कळीत केलं, कारण ते टर्मिनल मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात होतं. तो पसरला दोन वाटांनी. एक होती विंडोजमधली जुनी त्रुटी. दुसरी आपल्या विषयाची: तो शिरलेल्या मशीनच्या मेमरीतून पासवर्ड आणि हॅश उचलायचा आणि त्यांच्या जोरावर पुढच्या मशीनवर जायचा. एखाद्या पीसीवर मोठ्या अधिकाराचं खातं लॉगिन झालेलं सापडलं की पुढची सगळी दारं उघडी.

मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यांचे डोमेन कंट्रोलर जगभर एकापाठोपाठ एक पुसले गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती. वीज गेली की बोटं मोडणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट सांगायला जरा बरी वाटते, पण तिच्यावर विसंबून धंदा चालत नाही.

मालक म्हणतात, एमएफए घेऊन टाका, पैसे देतो. एवढ्याने भागेल?

नाही भागणार, आणि क्रमही उलटा आहे. आधी अधिकार कमी करायचे, मग उरलेल्या मोजक्या खात्यांना कडक पडताळणी लावायची. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

एमएफए, म्हणजे पासवर्डासोबत दुसरा पुरावा मागणं, हे लॉगिनच्या क्षणी काम करतं. माणूस आत आला की त्याचा हॅश किंवा कर्बेरॉसचं (डिरेक्टरीतली ओळख पटवण्याची पद्धत) तिकीट त्या मशीनच्या मेमरीत राहतं. मशीनवर लोकल अ‍ॅडमिनचा (त्या मशीनपुरता पूर्ण) हक्क मिळालेला व्हायरस ते तिथून उचलतो आणि खरा पासवर्ड माहीत नसताना पुढच्या सर्व्हरवर जातो. हॅश वापरून केलेल्या या प्रकाराला पास द हॅश म्हणतात. ओटीपी विचारायची वेळ तेव्हा उलटून गेलेली असते.

दुसरी अडचण विकणारे आपणहून सांगत नाहीत. ऑफिसातल्या सर्व्हरसाठी मिळणारी बरीच एमएफए सॉफ्टवेअरं लॉगिनचा पडदा आणि रिमोट डेस्कटॉप एवढंच राखतात. फाइल शेअरवर जाणं, दुसऱ्या मशीनवर लांबून कमांड चालवणं, या वाटांवर ती काहीच विचारत नाहीत, आणि घुसलेला माणूस फिरतो तो याच वाटांनी. डेमो द्यायला आलेल्याला एवढं एकच विचारून बघा.

स्मार्टकार्ड सक्तीचं केलं तरी खात्याचा हॅश डिरेक्टरीत राहतोच. सक्ती लावताना विंडोज एक लांबलचक यादृच्छिक पासवर्ड आपणच टाकतं, पण पुढे तो आपोआप बदलत राहण्याची सोय डोमेनची पातळी (फंक्शनल लेव्हल) २०१६ ची असेल तरच मिळते. जुन्या डोमेनमध्ये तोच हॅश वर्षानुवर्षं तसाच.

आता ऑफिसातला प्रसंग घ्या. अकाउंट्सच्या मॅडमनी खोट्या बिलाची फाइल उघडली. त्यांच्या पीसीवर सकाळीच सगळ्या डोमेनवर पूर्ण अधिकार असलेल्या डोमेन अ‍ॅडमिनने प्रिंटर जोडून दिला होता आणि त्याचं सत्र अजून तसंच उघडं होतं. एमएफए सगळीकडे असूनही संध्याकाळपर्यंत डोमेन गेलं. उलट तिथे डोमेन अ‍ॅडमिन कधी बसलाच नसता, तर मॅडमचा पीसी आणि त्यांना दिसणारी फोल्डरं एवढंच नुकसान झालं असतं. वाईटच, पण बॅकअपवरून सोमवारी काम चालू झालं असतं.

आमच्याकडे डोमेन अ‍ॅडमिन्स गटात नऊ जण आहेत. जास्त आहेत का?

यादी बघितल्याशिवायही सांगता येईल: मालक, मालकांचा मुलगा, सोडून गेलेला जुना आयटीवाला, बॅकअपचं खातं, स्कॅनरचं खातं, सॉफ्टवेअर कंपनीचं खातं, आणि टेस्ट नावाचं एक, जे कशासाठी केलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही. एवढ्या मोठ्या ऑफिसाला दोन माणसं पुरतात. दोनच का, तर एकाचा अपघात झाला किंवा त्याने नोकरी सोडली तर दुसरा असावा म्हणून. एंटरप्राइज अ‍ॅडमिन्स आणि स्कीमा अ‍ॅडमिन्स हे आणखी वरच्या अधिकारांचे गट तर रोजच्या दिवसांत रिकामेच ठेवा. लागेल तेव्हा खातं घाला, काम संपलं की काढा.

मालकांना काढणं हे या कामातलं सर्वांत अवघड काम, आणि ते तांत्रिक नाही. त्यांना सांगायचं की साहेब, तुमचं ईमेल जगाला माहीत आहे, सगळ्यात जास्त खोट्या लिंका तुम्हालाच येतात, म्हणून तुमच्या खात्याला सर्वांत कमी अधिकार हवेत. फोल्डरं सगळी दिसतील, सर्व्हर बदलता येणार नाही. बहुतेकांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांना रोजच्या खात्याशिवाय दुसरं एक अ‍ॅडमिन खातं द्या. ते वापरणं इतकं गैरसोयीचं असतं की महिनाभरात ते विसरून जातात.

गटातून नाव काढल्यावर एक गोष्ट मागे उरते. विंडोज दर ६० मिनिटांनी मोठ्या गटांतल्या खात्यांवर अ‍ॅडमिनएसडीहोल्डरच्या खास परवानग्या लावत असतं आणि खात्यावर अ‍ॅडमिनकाउंट अशी खूण करतं. गटातून काढल्यावर ती खूण आणि त्या परवानग्या आपोआप निघत नाहीत. हाताने काढाव्या लागतात. नाहीतर पुढे त्याच माणसाचा पासवर्ड हेल्पडेस्कला बदलता येत नाही आणि त्यामागचं कारण सापडेपर्यंत दुपार जाते.

प्रिंट ऑपरेटर्स, बॅकअप ऑपरेटर्स, अकाउंट ऑपरेटर्स हे गट तर हलके आहेत ना?

नावं हलकी आहेत. या तिन्ही गटांना मूळ सेटिंगमध्ये थेट डोमेन कंट्रोलरवर लॉगिन करता येतं. प्रिंट ऑपरेटरला तिथे ड्रायव्हर घालता येतो, बॅकअप ऑपरेटरला डिरेक्टरीची फाइल उचलता येते. तिन्ही रिकामे ठेवा. आणि प्रिंटचा विषय निघालाच आहे, तर डोमेन कंट्रोलरवरची प्रिंट स्पूलर सेवा बंद करा. २०२१ च्या जुलैमधल्या प्रिंटनाइटमेअर या स्पूलरमधल्या त्रुटीनंतरही ती चालू ठेवण्याचं कारण मला अजून कुठल्या ऑफिसात दिसलेलं नाही.

मग पासवर्ड विसरलेल्यांसाठी हेल्पडेस्कच्या मुलाला कुठला गट द्यायचा?

गट नको, काम द्या. मुंबईला निघालेला माणूस शेजाऱ्यांकडे घराची किल्ली देतो ती तुळशीपाशी दिवा लावायला. कपाटाची किल्ली देत नाही. डिरेक्टरीतही हे करता येतं. कर्मचाऱ्यांची खाती एका ओयूमध्ये, म्हणजे डिरेक्टरीतल्या एका कप्प्यात, ठेवा, त्या ओयूवर उजवी टिचकी मारून डेलिगेट कंट्रोल निवडा आणि फक्त पासवर्ड रिसेट व कुलूपबंद खातं उघडणं एवढे दोन हक्क त्या मुलाच्या गटाला द्या. अ‍ॅडमिनची खाती त्या ओयूच्या बाहेर ठेवा. फोनवर पासवर्ड बदलून मागणारा खरंच तोच माणूस आहे ना, याची खात्री कशी करायची तेही ठरवा: नोंदीतल्या नंबरवर आपण उलटा फोन करायचा. आवाज ओळखीचा वाटतो म्हणून नाही.

एकाच माणसाला दोन-दोन खाती म्हणजे वैताग नाही का?

आहे. तरी ठेवा. ईमेल, ब्राउझर, एक्सेल यांच्यासाठी साधं खातं. सर्व्हरसाठी वेगळं, ज्याला ईमेलच नाही. नुसतं ठरवून कुणी पाळत नाही म्हणून ग्रुप पॉलिसीने, म्हणजे डिरेक्टरीतून सगळ्या मशीनवर लागणाऱ्या नियमांनी, बंदी घाला: डोमेन अ‍ॅडमिनला कर्मचाऱ्यांच्या पीसीवर बसून, रिमोट डेस्कटॉपने, सेवा म्हणून किंवा शेड्यूल्ड टास्क म्हणून लॉगिन नाकारायचं. पीसी दुरुस्त करायला तिसरं, फक्त पीसींपुरतं खातं करा. शक्य असेल तर सर्व्हरच्या कामासाठी एक साधा लॅपटॉप वेगळा ठेवा, ज्यावर इंटरनेट उघडत नाही. पॉलिसी लावण्याआधी कुठल्या सेवा डोमेन अ‍ॅडमिनच्या नावावर चालू आहेत ते मात्र तपासा, नाहीतर वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बंद पडेल आणि गेटवर ट्रकांची रांग लागेल.

सॉफ्टवेअरवाला म्हणतो, अ‍ॅडमिन द्या, नाहीतर आमचं चालणार नाही. काय करू?

चालतं. त्याने कधी तपासलेलं नसतं, एवढंच. बहुतेक वेळा प्रोग्रॅम आपल्याच इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये किंवा रजिस्ट्रीच्या एखाद्या कोपऱ्यात लिहायला जातो आणि तिथे साध्या खात्याला मनाई असते. मायक्रोसॉफ्टचं प्रोसेस मॉनिटर फुकट मिळतं. साध्या खात्याने प्रोग्रॅम चालवा, परवानगी नाकारल्याच्या ओळी गाळून बघा आणि तेवढ्याच फोल्डरवर लिहिण्याचा हक्क द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

सेवेच्या खात्यांचं प्रकरण जास्त गंभीर. एसक्यूएल सर्व्हर, बॅकअप, बारकोड यांची खाती कुणीतरी कधीतरी डोमेन अ‍ॅडमिन करून ठेवलेली असतात, पासवर्ड कंपनीच्या नावापुढे एक-दोन-तीन, आणि तो कधीच संपणार नाही अशी खूण केलेली. डोमेनमधला कुठलाही साधा वापरकर्ता अशा नोंदलेल्या सेवेचं कर्बेरॉस तिकीट मागू शकतो. ते तिकीट सेवेच्या खात्याच्या पासवर्डापासून तयार झालेल्या किल्लीने बंद केलेलं असतं. घुसखोर ते घरी नेऊन, तुमच्या सर्व्हरला हात न लावता, आरामात फोडत बसतो. खातं कुलूपबंद होत नाही, कुणाला कळत नाही. या हल्ल्याला कर्बेरोस्टिंग म्हणतात आणि आरसी४ या जुन्या कूटलेखन पद्धतीची तिकिटं फोडायला फार सोपी जातात.

यावरचा चांगला उपाय विंडोज सर्व्हर २०१२ पासून अंगभूत आहे: ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट. त्याचा पासवर्ड डिरेक्टरीच बनवते, तो प्रचंड लांब असतो, मूळ सेटिंगमध्ये ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि माणसाला कधी टाइप करावा लागत नाही. पहिल्यांदा केडीएस रूट की (हे पासवर्ड जिच्यापासून बनतात ती मूळ किल्ली) तयार करावी लागते आणि ती वापरात यायला दहा तास जातात, तेव्हा हे काम संध्याकाळी सुरू करून घरी जा. एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरला हे खातं चालत नसेल तर पंचवीसहून जास्त अक्षरांचा पासवर्ड, तिकिटांना फक्त एईएस ही मजबूत पद्धत, आणि ज्या एका सर्व्हरवर लागतं तिथेच लॉगिनची परवानगी.

राहिला पुण्या-मुंबईहून लांबून पीसी बघणारा. त्याला कायम चालू असलेलं रिमोट सॉफ्टवेअर आणि कायमचा पासवर्ड देऊ नका. त्याच्या नावाचं खातं करा, एरवी ते बंद ठेवा, त्याने फोन केला की उघडा आणि त्याच दिवशी संपण्याची तारीख घाला. पहिल्या महिन्यात कटकट होते, मग तो आधी फोन करायला शिकतो.

सगळ्या पीसींवरच्या लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच आहे. चालेल?

अजिबात नाही. एका पीसीवरून हॅश उचलला की सगळे पीसी उघडले. मायक्रोसॉफ्टचं लॅप्स वापरा, ते प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देतं, बदलत राहतं आणि डिरेक्टरीत ठेवतं. २०१५ पासून ते वेगळं मिळत होतं, एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोज १०, ११ आणि सर्व्हर २०१९, २०२२ मध्ये अंगभूत आलं. पैसे लागत नाहीत. ते पासवर्ड वाचायचा हक्क कुणाला आहे तेवढं मात्र तपासा. जाता जाता आणखी एक: मूळ सेटिंगमध्ये कुठलाही वापरकर्ता दहा नवीन संगणक डोमेनला जोडू शकतो. तो आकडा शून्य करा.

पासवर्ड किती लांब हवा आणि किती दिवसांनी बदलायचा?

नव्या डोमेनची मूळ सेटिंग्ज आहेत किमान सात अक्षरं, ४२ दिवसांनी बदल आणि चुकीच्या प्रयत्नांवर कसलंही कुलूप नाही. तिन्ही बदला.

वारंवार बदलायला लावलं की माणूस हापूस@२०२४ चं हापूस@२०२५ करतो. घुसखोरालाही ते कळतं. तो एकच पासवर्ड सगळ्या खात्यांवर एकेकदा टाकून बघतो. रत्नागिरीतल्या ऑफिसात हापूस, बाप्पा, गावाचं नाव आणि गाडीचा नंबर एवढ्यावर त्याचं काम होतं. ठरावीक दिवसांनी बदलाची सक्ती करू नका, फुटल्याचा संशय आला की बदला, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच म्हटलं, आणि मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली. त्यापेक्षा लांबी वाढवा: कर्मचाऱ्यांना चौदा अक्षरं, अ‍ॅडमिनला वीसच्या पुढे. तीन-चार असंबद्ध शब्द जोडले की लक्षातही राहतं. सहज सुचणाऱ्या शब्दांची बंदीयादी करा आणि तिच्यात आपल्या तालुक्याचे शब्द घाला. परदेशी यादीत देवगड नसतो.

जुन्या सर्व्हरवर ग्रुप पॉलिसीत किमान लांबी चौदाच्या वर जात नाही. अ‍ॅडमिनसाठी फाइन ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी वापरा. ती गटाला लागते, ओयूला लागत नाही. दहा चुकांनंतर पंधरा मिनिटांचं कुलूप ठीक आहे. तीन चुकांवर कुलूप लावलं तर सोमवारी सकाळी तुमचा फोन वाजायचा थांबणार नाही.

दुसरा पुरावा म्हणून मोबाइलवरचा ओटीपी पुरे का? आमच्याकडे रेंजच नसते.

रेंजचा प्रश्न एसएमएसला आहे. सिमची अदलाबदल करून चोरता येतो तोही एसएमएसच. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडा फोनमध्येच तयार होतो. त्याला रेंज लागत नाही, फोनचं घड्याळ बरोबर असावं लागतं. घाटात, खाडीकाठी, तळघरात तो चालतो.

हो किंवा नाही विचारणारी सूचना सोयीची आहे, पण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उबरमध्ये घुसखोराने एका कंत्राटदाराला अशा सूचना पुन्हा पुन्हा पाठवल्या आणि शेवटी त्याने एकदा हो दाबलं. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या अ‍ॅपमध्ये पडद्यावरचा आकडा फोनवर टाकणं सक्तीचं केलं. तुमचं सॉफ्टवेअर नुसतं हो-नाही विचारत असेल तर आकड्याची सोय मागून घ्या.

अ‍ॅडमिन खात्यांना मात्र हातात धरायची किल्लीच हवी. आयटी रिटर्न आणि टेंडरसाठी डीएससी टोकन वापरता, तशातलीच वस्तू. फक्त त्याच्यासारखी पिन चिठ्ठीवर लिहून टोकनाला बांधू नका. खोट्या संकेतस्थळावर फिडो२ या मानकाची किल्ली उत्तरच देत नाही, हा तिचा मोठा गुण. यात एक मेख आहे: निव्वळ ऑफिसातल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला फिडो२ थेट समजत नाही. त्यासाठी एंट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या ढगातल्या डिरेक्टरीची जोड लागते. ती नसेल तर तीच किल्ली स्मार्टकार्ड म्हणून वापरायची आणि ऑफिसात प्रमाणपत्रांचा सर्व्हर उभारायचा. तो सर्व्हर डोमेन कंट्रोलरइतकाच नाजूक समजा. ज्या टेम्प्लेटमध्ये अर्ज करणाराच प्रमाणपत्रावर कुणाचंही नाव घालू शकतो आणि ते प्रमाणपत्र लॉगिनला चालतं, ते टेम्प्लेट आजच बंद करा.

माणशी दोन किल्ल्या घ्या. एक हरवणारच, आणि आपल्या खाऱ्या हवेत यूएसबीची तोंडंही फार काळ टिकत नाहीत.

काजू कारखान्यात बोटांचे ठसेच लागत नाहीत.

काजूच्या टरफलाचं तेल कातडी खातं, त्यामुळे ठसे पुसट होतात. मासळीच्या कारखान्यातही दिवसभर ओल्या हातांनी वाचक नीट चालत नाही. तिथे किल्ली आणि पिन द्या. शिफ्टच्या सामायिक पीसीसाठी एकच खातं ठेवायचं असेल तर ते त्याच पीसीवर, शिफ्टच्या वेळेतच चालेल आणि एकच प्रोग्रॅम उघडेल असं बांधून टाका. खात्याच्या गुणधर्मांत वेळ आणि मशीन ठरवायची सोय पहिल्यापासून आहे, वापरत कुणी नाही.

वादळात वीज आणि लाइन दोन्ही जातात. एवढी कुलपं लावली आणि आम्हीच बाहेर राहिलो तर?

हा प्रश्न योग्य आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं काही उरलं नाही.

डोमेनचा लॅपटॉप कंट्रोलरपर्यंत पोचला नाही तरी साधा वापरकर्ता आत येऊ शकतो, कारण विंडोज मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या दहा जणांची लॉगिनं साठवून ठेवतं. पण अ‍ॅडमिन खाती प्रोटेक्टेड यूजर्स गटात घातली असतील, आणि घालावीतच, तर त्यांचं काही साठवलं जात नाही. २०१२ आर२ पासूनचा हा गट एनटीएलएम ही जुनी लॉगिन पद्धत आणि आरसी४ बंद करतो, तिकीट चार तासांत संपवतो. लाइन नसताना अशा खात्याने लॅपटॉपवर लॉगिन होणार नाही हे आधी माहीत असू द्या. सेवेची आणि संगणकांची खाती या गटात कधीच घालू नका.

म्हणून आणीबाणीचं एक खातं वेगळं ठेवा. डोमेनचं मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं त्यासाठी ठीक. त्याला लांब यादृच्छिक पासवर्ड द्या, प्रोटेक्टेड यूजर्समध्ये घालू नका, मोबाइलशी बांधू नका. पासवर्ड कागदावर दोन तुकड्यांत लिहा, लॅमिनेट करा आणि दोन वेगळ्या इमारतींत, वरच्या मजल्यावर ठेवा. त्याच्यासोबत डिरेक्टरी दुरुस्तीचा डीएसआरएम पासवर्डही. पाकीट फोडलं की पासवर्ड बदलायचा. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, ते खातं खरोखर उघडतंय का ते बघा.

गणपतीत अख्खं ऑफिस सुट्टीवर. तेव्हा पासवर्ड कुणाकडे द्यायचा?

कुणाकडेच नाही. बदली माणसाला त्याच्याच नावाच्या खात्याला, मुदतीपुरते हक्क द्या. फॉरेस्टची (सगळ्या डोमेनांच्या समूहाची) पातळी २०१६ ची असेल तर गटाचं सदस्यत्व ठरावीक तासांनी आपोआप संपवण्याची सोय आहे; फक्त ती एकदा चालू केली की बंद होत नाही, म्हणून विचार करून करा. गटात नवं नाव आल्याची सूचना फोनवर येईल असं बघा. लांब सुट्ट्या घुसखोरांनाही माहीत असतात, आणि गौरी-विसर्जनाच्या दिवशी स्क्रीनकडे कोण बघतंय?

एका पीसीचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे आणि लॉगिन होत नाही. हा व्हायरस आहे का?

नाही. कर्बेरॉस मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपलीकडचा फरक स्वीकारत नाही. मदरबोर्डचा सेल बदला. सगळे पीसी वेळ डोमेनकडून घेतात आणि डोमेन पीडीसी एम्युलेटर नावाचं काम करणाऱ्या कंट्रोलरकडून, तेव्हा त्याला एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही तेच आहे.

देवगडच्या शाखेत सर्व्हर टेबलाखाली आहे. तिथे कंट्रोलर ठेवू का?

ठेवायचाच असेल तर फक्त वाचायचा, म्हणजे आरओडीसी. सर्व्हर २००८ पासून ही सोय आहे. त्यात शाखेतल्या माणसांचेच पासवर्ड साठवा. अ‍ॅडमिनचे मूळ सेटिंगमध्येच साठत नाहीत. डिस्कवर बिटलॉकरचं कूटलेखन लावा. सर्व्हर चोरीला गेला तर तेवढीच खाती बदलावी लागतील.

मायक्रोसॉफ्ट ३६५ पण आहे. तिथे वेगळं काय?

ढगातल्या ग्लोबल अ‍ॅडमिनचं खातं ऑफिसच्या डिरेक्टरीतून सिंक केलेलं नको आणि डोमेन अ‍ॅडमिन वर सिंक नको. एक घर जळलं तर दुसरं वाचावं. जो सर्व्हर सिंक करतो त्याला डोमेन कंट्रोलरइतकंच जपा. तिथेही आणीबाणीची दोन खाती ठेवा, किल्लीसकट.

लॉगमध्ये नेमकं काय बघायचं? हजारो ओळी असतात.

सुरुवातीला चार आकडे पुरेत. ४७२८: ग्लोबल सुरक्षा गटात कुणी नवं आलं; डोमेन अ‍ॅडमिन्ससाठी हीच ओळ बघायची. ४७४०: खातं कुलूपबंद झालं. ४६२५: लॉगिन फसलं, एकाच मशीनवरून अनेक नावांनी फसत असेल तर कान टवकारा. ४७६९: सेवेचं तिकीट मागितलं, एकाच माणसाने थोड्या वेळात ढीगभर सेवांची तिकिटं मागितली तर तो अकाउंट्समधला माणूस नव्हे. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लॉग कंट्रोलरवरच ठेवलेत तर घुसखोर जाताना पुसून जाईल. दुसरीकडे पाठवत राहा.

घुसखोरी झालीच असं वाटतंय. सगळ्यांचे पासवर्ड बदलले की झालं?

एक खातं राहून जातं. केआरबीटीजीटी नावाचं बंद दिसणारं खातं प्रत्येक डोमेनमध्ये असतं आणि कर्बेरॉसची मूळ तिकिटं त्याच्याच किल्लीवर चालतात. त्याचा हॅश गेला असेल तर घुसखोर हव्या त्या नावाचं तिकीट स्वतः बनवतो, मग तुम्ही बाकीचे पासवर्ड कितीही बदला. हा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण डिरेक्टरी आधीचाही लक्षात ठेवते. दोन बदलांमध्ये तिकिटाच्या मुदतीपेक्षा, म्हणजे मूळ सेटिंगमध्ये दहा तासांपेक्षा, जास्त अंतर ठेवा आणि पहिला बदल सगळ्या कंट्रोलरवर पोचल्याची खात्री करा. घाईत लागोपाठ बदलला तर चालू तिकिटं एकदम निकामी होतात आणि सेवा बंद पडतात. त्याआधी संशयित मशीनची वायर काढा, पण ते बंद करू नका; मेमरीतले पुरावे जातात. मशीन तसंच राहू द्या आणि सहा तासांचं घड्याळ चालू झालं आहे हे मालकांना सांगा.